फोन कंपनीनं परत मागवला होता, आम्हाला कोणी सांगितलंच नाही

मीनल_रामबाग

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज लिहायला बसले कारण दोन आठवडे झाले आमच्याकडे हाच विषय चाललाय आणि मला रात्री नीट झोप लागत नाहीये.

बाबा ७४ वर्षांचे, इंदूरला रामबागेत जुन्या घरात एकटे राहतात, आम्ही राजेंद्र नगरला. त्यांच्याकडचा फोन माझ्या मामेभावाचा, त्यानं नवीन घेतला तेव्हा हा बाबांना दिला. दोन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी सकाळी पोहे घेऊन गेले तर बाबा म्हणाले, "अगं हा फोन टेबलावर ठेवला की भोवऱ्यासारखा फिरतो." मला आधी कळेचना. मग हातात घेतला तर मागचं झाकण मधोमध वर आलेलं, पुऱ्या फुगतात तसं, आणि डाव्या बाजूला स्क्रीन आणि फ्रेमच्या मध्ये नख जाईल एवढी फट. फटीतून आतला उजेड दिसत होता. बाबांनी त्याला रबरबँड लावलेले, दोन, कोथिंबिरीच्या जुडीला येतात तसले. आणि हा फोन रोज रात्री उशाशी चार्जिंगला लावलेला, कारण पहाटे साडेपाचचा गजर त्याच्यावर.

मी घरी येऊन मॉडेलचं नाव टाकून शोधलं तर काय, कंपनीनं आठ महिन्यांपूर्वीच या मॉडेलच्या काही लॉटची बॅटरी फुकट बदलून द्यायचं जाहीर केलेलं! वेबसाइटवर, इंग्रजीत, 'सपोर्ट'च्या आत कुठेतरी. सीरियल नंबर टाकला तर बाबांचा फोन त्या यादीत आहे. म्हणजे आठ महिने कंपनीला माहीत होतं आणि बाबा त्याच्याशेजारी डोकं ठेवून झोपत होते. मामेभावाला विचारलं तर तो म्हणतो मला मेल आलाच नाही, फोन घेतला तेव्हा जुन्या ऑफिसचा मेल आयडी दिलेला, तो केव्हाच बंद झाला.

सर्व्हिस सेंटरला गेले तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो बिल आणा आणि ज्याच्या नावाचं बिल आहे त्याला आणा. तो बेंगळुरूला. वर म्हणतो बॅटरी फुगलीय म्हणजे फिजिकल डॅमेज, फुकटमध्ये बसत नाही. अरे, फुगते म्हणून तर बदलताय ना तुम्ही?

कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. मला एवढंच समजून घ्यायचंय की असा फोन परत मागवतात तेव्हा नक्की काय होतं, कंपनीला काय भोगावं लागतं आणि आमच्यासारख्याच्या हातात काय असतं. जाणकारांनी लिहा प्लीज.

जेलरोड_काउंटर

ताई बाकीचं नंतर, आधी हे करा. फोन बंद करा. चार्जरला अजिबात लावू नका, "एकदा डेटा काढून घेते" म्हणूनसुद्धा नाही. ते रबरबँड आत्ताच्या आत्ता काढा, फुगलेल्या बॅटरीवर दाब नको. झाकण दाबून बसवायला जाऊ नका. स्टीलच्या ताटात किंवा फरशीवर ठेवा, पडदा, गादी, गॅस, देवघर सगळ्यांपासून लांब. फ्रिजमध्ये नाही, तांदळाच्या डब्यात नाही. लोक दोन्ही करतात म्हणून सांगतोय.

मी १९ वर्षं जेल रोडला रिपेरिंगच्या काउंटरवर बसतो. फुगलेली बॅटरी महिन्याला पाच-सहा तरी येतात, उन्हाळ्यात जास्त. आत गॅस होतो, पाकीट अॅल्युमिनियमच्या फॉइलचं असतं ते फुगतं. दर फुगलेली पेटते असं नाही पण पेटणारी कोणती ते बाहेरून सांगता येत नाही. माझ्या टेबलाखाली वाळूची बादली कायम असते. अशा फोनला मी हीटगन लावतच नाही, ड्रॉपरनं कडेकडेनं अल्कोहोल सोडतो, दहा मिनिटं थांबतो, मग प्लॅस्टिकच्या कार्डानं हळूहळू गोंद सोडवतो. लोखंडी पट्टी कधीच नाही, एक टोक घुसलं की संपलं. आणि नाक उघडं ठेवायचं. नेलपॉलिशसारखा गोडसर वास आला की पाकीट फाटलंय, तिथेच थांबायचं आणि सरळ वाळूत.

परत मागवण्याचं म्हणाल तर मी २००७ पाहिलंय. नोकियाची बीएल-५सी बॅटरी, ऑगस्ट महिना. जपानच्या मात्सुशितानं डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ मध्ये बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या, चार्ज करताना तापू शकतात म्हणून नोकियानं सांगितलं नंबर तपासा, बसला तर फुकट बदलून देतो. जगभरात साधारण १०० तक्रारी होत्या. मी तेव्हा दुकानात पोऱ्या होतो. बॅटरीच्या मागे २६ आकडी नंबर, मुंगीच्या अक्षरात. मालकानं मला भिंग दिलं आणि सांगितलं तू फक्त वाच. सकाळी दुकान उघडायच्या आधी लाइन. लोकांना एसएमएस आलेले की फोन बॉम्बसारखा फुटतो, घाबरलेली माणसं, कोणी बॅटरी रुमालात गुंडाळून आणलेली, एक आजी तर डब्यात. शंभरातल्या बहुतेकांचा नंबर बसायचाच नाही, कारण बीएल-५सी बनवणाऱ्या कंपन्या अनेक होत्या आणि भानगड एकाच्याच मालात होती. पण प्रत्येकाला कोणीतरी नंबर वाचून "तुमची ठीक आहे" म्हणायला हवं असायचं. तेव्हा बॅटरी नखानं निघायची हो. आता ती गोंदानं आत चिकटवलेली, नंबर वाचायला फोनच उघडावा लागतो.

मीनल_रामबाग

धन्यवाद दादा, रबरबँड काढले. फोन आता अंगणात तुळशीपासून लांब फरशीवर ताटात आहे. बाबा रागावलेत, गजराचं काय म्हणतात.

पीथमपूरवाला

मी पीथमपूरला गाड्यांच्या पार्टच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. फोनचं काम नाही पण माल परत बोलावणं काय असतं ते दोनदा जवळून पाहिलंय म्हणून लिहितो, जरा लांब होईल.

सगळ्यात मोठं उदाहरण सॅमसंग गॅलेक्सी नोट ७. फोन ऑगस्ट २०१६ मध्ये दाखवला, १९ ऑगस्टला विकायला सुरुवात, आणि दोन आठवड्यांत, २ सप्टेंबरला, कंपनीनं स्वतः सांगितलं की विक्री थांबवतोय, २५ लाख फोन बदलून देणार. तेव्हा ३५ केसेस होत्या, त्यांच्या हिशेबानं १० लाखांत २४ फोन. गंमत बघा, भारतात तो त्याच २ सप्टेंबरला मिळायला लागणार होता, ५९,९०० रुपयांना. लोकांनी बुक करून ठेवलेला, हातात कोणाच्याच आला नाही.

आता बॅटरीच्या आत काय असतं ते समजलं की पुढचं समजतं. एक पट्टी धन टोकाची, एक ऋण टोकाची, मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पडदा, केसाहून कितीतरी बारीक, आणि हे सगळं वळकटीसारखं गुंडाळून पाकिटात घालतात, आत पेट घेणारं द्रव. पडदा शाबूत आहे तोवर सगळं छान. दोन पट्ट्या एकमेकींना टेकल्या की आतच शॉर्ट, उष्णता, त्या उष्णतेनं आणखी रासायनिक क्रिया, त्यातून आणखी उष्णता, मग ते थांबवता येत नाही.

नोट ७ मध्ये बॅटऱ्या दोन कंपन्यांच्या होत्या. पहिली सॅमसंगचीच भावंड कंपनी, सॅमसंग एसडीआय. तिच्यात पाकीट वळकटीच्या मानानं अपुरं, वरचा उजवा कोपरा दाबला जाऊन ऋण पट्टी वाकायची. त्या सापडल्यावर बदली फोनमध्ये दुसऱ्या कंपनीच्या, एटीएलच्या बॅटऱ्या घातल्या. आणि इथे माझ्यासारख्या क्वालिटीवाल्याच्या पोटात गोळा येतो. एकाएकी सगळा भार एकाच पुरवठादारावर, घाईत माल काढायचा, त्यात वेल्डिंगचे बारीक काटे राहिले, काही सेलमध्ये इन्सुलेशनची टेपच नव्हती. काटा पडद्यातून आरपार. म्हणजे दोष एक नव्हता, दोन निरनिराळे होते, दोन निरनिराळ्या कारखान्यांतले.

आणि मग ५ ऑक्टोबरला अमेरिकेत लुईव्हिल विमानतळावर, उड्डाणाच्या आधी, विमानात एका प्रवाशाच्या फोनमधून धूर. तो फोन बदलून मिळालेला होता. ज्याच्यावर 'हा सुरक्षित' म्हणून शिक्का होता तो! कंपनीनं पहिल्यांदा फोन बदलून दिले तेव्हा लोक वैतागले पण थांबले होते. दुसऱ्यांदा तेच झाल्यावर कोण थांबेल. ११ ऑक्टोबरला उत्पादनच कायमचं बंद.

खरं कारण सांगितलं २३ जानेवारी २०१७ ला. ७०० इंजिनिअर, २ लाख फोन, ३० हजार बॅटऱ्या टेस्ट केल्या, बाहेरच्या तीन संस्थांकडूनही तपासून घेतलं. म्हणजे साडेचार महिने लागले कारण शोधायला. आणि पहिला बदली फोन किती दिवसांत दिला होता? तीन आठवड्यांच्या आत. कारण पूर्ण कळायच्या आधी उपाय वाटायला घेतला. माझ्या मते सॅमसंगची चूक ती तिथे आहे. बॅटरी खराब निघणं हे कारखान्यात होतं, रोज काही ना काही खराब निघतंच. आमच्याकडे नियम आहे, मूळ सापडेपर्यंत माल अडवून ठेवायचा, गिऱ्हाईक कितीही ओरडो.

निशांत_आता_पुणे

मी मूळचा स्नेहलतागंजचा. नोट ७ बुक केला होता, पैसे परत मिळाले, तक्रार नाही.

पण एवढं झोडपू नका हो. कंपनीनं किंमत मोजली की. उत्पादन बंद केलं त्या दिवशी शेअर ८ टक्के पडला. त्या तिमाहीत मोबाइल विभागाचा नफा आदल्या वर्षीच्या २ लाख ४० हजार कोटी वॉनवरून १० हजार कोटीवर आला, ९६ टक्के खलास. वर त्यांनीच सांगितलं की पुढच्या दोन तिमाहींत आणखी साडेतीन लाख कोटी वॉनचा नफा बुडेल. हे कोणतीही कंपनी हसत हसत करत नाही.

आणि तरी २०१७ मध्ये एस८ आला, नोट ८ आला, लोकांनी घेतलेच. म्हणजे गिऱ्हाईक माफ करतं.

सुदामानगरचे_आजोबा

निशांत, बेटा, गिऱ्हाईक माफ करतं हे बरोबर, पण का तग धरला तेही बघ. मी ३४ वर्षं बँकेत काढली, ताळेबंद वाचायची सवय गेलेली नाही. २०१६ च्या अख्ख्या वर्षाचा सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्सचा नफा २०१५ पेक्षा जास्तच आला, कारण मेमरी चिपचा धंदा त्या वर्षी जोरात होता. एका हाताला भाजलं तेव्हा दुसऱ्या हातानं घर चालवलं. हे ज्या कंपनीला जमत नाही, जी फक्त फोनच विकते, ती असा रिकॉल जाहीर करताना दहादा विचार करणार. आणि मग काय करणार? मीनलबाईंनी लिहिलंय तेच. 'सपोर्ट'च्या आत, इंग्रजीत, बारीक अक्षरात.

सॅमसंगचीच जुनी गोष्ट आहे. १९९५ मध्ये कोरियात गुमीच्या कारखान्यात त्यांचे अध्यक्ष ली कुन-ही यांनी सदोष निघालेले सुमारे दीड लाख फोन आणि इतर यंत्रं अंगणात रचून सगळ्या कामगारांसमोर जाळायला लावली. ज्यांनी ती बनवली तीच माणसं उभी राहून बघत होती, काही रडली असं वाचलंय. आपल्या हातच्या वस्तूची लाज वाटायला लावली त्यांनी. त्यानंतर २१ वर्षांनी नोट ७ घडला, तेव्हा एक पेटलेली होळी पिढ्यान्‌पिढ्या पुरत नाही एवढं खरं.

मला मात्र ग्राहकाच्या बाजूचं विचारायचंय. सप्टेंबर २०१६ मध्ये मुलीकडे दिल्लीला जाताना आपल्या इंदूरच्या विमानात घोषणा ऐकल्याचं स्पष्ट आठवतंय, फोनचं नाव घेऊन, की तो चालू करू नका, चार्ज करू नका, चेक-इनच्या सामानात टाकू नका. डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा, आदेश होता. जो फोन देशात विकलाच गेला नाही त्याची सूचना विमानात प्रत्येकाच्या कानावर घातली. मग जो फोन इथे घरोघर आहे त्याची सूचना घरापर्यंत का येत नाही?

पीथमपूरवाला

आजोबा, मर्मावर बोट ठेवलंत. आमच्या धंद्यात याला ट्रेसेबिलिटी म्हणतात, कोणता पार्ट कोणत्या लॉटचा आणि आता कोणाकडे. गाडीला आरसी असते, मालक बदलला की नाव बदलतं, म्हणून रिकॉलचं पत्र बरोबर घरी येतं. फोनला आरसी नाही. पहिल्या विक्रीनंतर कंपनीच्या वहीत तो फोन पहिल्याच माणसाकडे राहतो.

नोट ७ च्या वेळी शेवटी त्यांनी फोनलाच बोलतं केलं. आधी अपडेट पाठवून चार्जिंग ६० टक्क्यांवर अडवलं, मग अमेरिकेत डिसेंबरमध्ये असा अपडेट की फोन चार्जच होणार नाही. जानेवारी २०१७ पर्यंत ३० लाखांतले ९६ टक्के परत आले होते. एवढा गाजावाजा, विमानात बंदी, अमेरिकेच्या सरकारी संस्थेचा १९ लाख फोनचा रिकॉल, परतीसाठी आग न लागणारे खोके आणि हातमोजे घरपोच, आणि तरी ९६. उरलेले ४ टक्के म्हणजे लाखभर फोन कोणाच्या तरी खिशात.

मीनलताई, तुमच्या बाबांच्या फोनला साधा एक मेसेज आला असता स्क्रीनवर, तोही हिंदीत, तर काम झालं असतं. कंपनीला आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख नंबर, माहीत, अपडेट दर महिन्याला पाठवतात. मग हेच का नाही पाठवत, याचं उत्तर तांत्रिक नाही.

वहिनी_लोकमान्यनगर

वाचून घाबरले बाई. आमच्या सासूबाईंचा फोन बघून आले, ठीक आहे, सपाट आहे. कसं ओळखायचं म्हणाल तर मुलानं सांगितलं काचेच्या टेबलावर पालथा-उताणा दोन्ही ठेवून बघ डुगडुगतो का.

एक विचारते, काढलेली बॅटरी टाकायची कुठे? आमच्याकडे एक जुनी पडलीय ड्रॉवरमध्ये, नोकियाचीच.

जेलरोड_काउंटर

वहिनी, दोन्ही टोकांना सेलोटेप लावा, वेगळ्या पिशवीत घाला आणि सकाळी कचरागाडी येते तिच्यात ई-वेस्टचा वेगळा कप्पा आहे तिथे, गाडीवरच्या माणसाच्या हातात देऊन सांगा बॅटरी आहे. सुक्या कचऱ्यात टाकलीत तर पुढे मशिनमध्ये दाबली जाते आणि तिथे आग लागते, त्या माणसांच्या जिवाशी खेळ. फुगलेली असेल तर गाडीत नाहीच, माझ्यासारख्या कोणाकडे आणा किंवा सर्व्हिस सेंटरला द्या.

आणि एक हात जोडून. मीनलताईंसारखे वैतागलात तरी कोणी बाहेरून दोनशे रुपयांची बॅटरी घालू नका. बॅटरीवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) मार्क आणि आर- नं सुरू होणारा नंबर असतो, तो बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला की कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. नंबर नाही किंवा दुसऱ्याच वस्तूचा निघाला तर घेऊ नका. माझ्या दुकानातही विचारा, मला राग येत नाही.

वकील_जुनी_इंदूर

मीनलताई, तुमच्या मुद्द्यावर येते. मी इथेच जिल्हा ग्राहक आयोगात प्रॅक्टिस करते.

पहिलं, "बिल ज्याच्या नावाचं त्यालाच आणा." ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ग्राहक म्हणजे फक्त पैसे देणारा नाही. ज्यानं विकत घेतलं त्याच्या संमतीनं वस्तू वापरणाराही ग्राहकच. मामेभावानं आपखुशीनं दिला, बाबा वापरतात, झालं. मामेभावाकडून चार ओळींचं पत्र किंवा मेल घेऊन ठेवा की फोन मी यांना दिला. आणि ऑनलाइन घेतला असेल तर बिल त्याच्या खात्यात जुन्या ऑर्डरमध्ये आजही सापडेल, ते काढायला लावा.

दुसरं, "फुगली म्हणजे डॅमेज." हे तोंडी ऐकून परत येऊ नका. लेखी मागा. जॉबशीटवर लिहून द्या म्हणा की सीरियल नंबर कंपनीच्या यादीत असूनही बॅटरी बदलायला नकार, कारण अमुक. दहांतले आठ जण लिहायची वेळ आली की मॅनेजरला बोलावतात.

तिसरं, नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइन, १९१५. फोन करा, हिंदीत बोला, तक्रारीचा नंबर मिळतो, ते कंपनीकडे पाठवतात. पैसे लागत नाहीत. तिथे नाही सुटलं तर आयोग. तुम्ही राहता तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य.

याच कायद्यात उत्पादन दायित्व नावाचं अख्खं प्रकरण आहे. सदोष वस्तूमुळे इजा झाली, घर जळलं, तर बनवणारा जबाबदार, आणि वापराबाबत पुरेशी सूचना किंवा इशारा दिला नाही हेही एक कारण धरलंय. आठ महिने एका पानावर इंग्रजीत लिहून ठेवणं पुरेसं की नाही, यावर मी तुमच्या बाजूनं भांडायला कधीही तयार आहे. पण देवाच्या कृपेनं इजा झालेली नाही, तेव्हा आधी बॅटरी.

आणि आजोबांसाठी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला धोकादायक वस्तू परत मागवायचा आदेश देता येतो, आणि दिलाय. २०२२ मध्ये एका मोठ्या ऑनलाइन विक्रेत्याला निकषात न बसणारे २,२६५ प्रेशर कुकर परत घ्यायचा, प्रत्येक ग्राहकाला कळवायचा आणि पैसे परत करायचा आदेश दिला. कुकरच्या बाबतीत जे झालं ते फोनच्या बाबतीत व्हायला कायद्याची आडकाठी नाही, तक्रारी तेवढ्या पोचल्या पाहिजेत.

निशांत_आता_पुणे

हे हिंदीतल्या मेसेजचं वाचून माझं मत थोडं बदललं. मी पैशांच्या बाजूनंच बघत होतो. मला मेल आला, मला पैसे परत आले, म्हणून मला रिकॉल म्हणजे चोख काम वाटलं. माझ्या आईला तोच फोन दिला असता तर तिला काही कळलं नसतं.

एक भर घालतो, परत आलेल्या फोनचं काय झालं त्याची. पर्यावरणवाल्यांनी, ग्रीनपीसनं, मागे लागून विचारलं की एवढे लाखो फोन पुरणार की काय. मग जुलै २०१७ मध्ये कोरियात न वापरलेले फोन आणि सुटे भाग घेऊन ४ लाख फोन नव्या नावानं विकले, बॅटरीची क्षमता ३५०० ची ३२०० एमएएच करून. उरलेल्यांतून सोनं, चांदी, कोबाल्ट, तांबं मिळून १५७ टन धातू काढायचं ठरलं.

पीथमपूरवाला

त्या ३५०० चं ३२०० मध्ये सगळं आलं. तेवढीच जागा, आत वळकटी थोडी सैल. सुरुवातीलाच तेवढी सोडली असती तर.

मीनल_रामबाग

मंडळी, उशिरा लिहितेय, काल दिवसभर त्याच धावपळीत होते.

वकीलताई, तुम्ही सांगितलं तसं केलं. १९१५ ला सोमवारी फोन, तक्रार नंबर मिळाला. मामेभावानं ऑर्डरमधून बिल काढून पाठवलं, वर चार ओळी. गुरुवारी कंपनीकडून फोन आला आणि शुक्रवारी त्याच काउंटरवर गेले, तोच मुलगा. मी म्हटलं, "नकार असेल तर लिहून दे रे बाळा." तो आत गेला, बाई बाहेर आल्या, फोन घेतला, पावती दिली. त्यांनी फोन एका जाड राखाडी पिशवीत ठेवून चेन लावली तेव्हा मला कळलं की यांना नीट माहीत आहे काय चीज आहे ते. चार दिवसांत बॅटरी बदलून मिळाली, पैसे शून्य. बाबांना तोवर मी घंटेचं चावीचं घड्याळ आणून दिलं, आता ते म्हणतात हेच बरं आहे, आणि फोन दिवाणखान्यात राहतो.

बाईंना विचारलं या मॉडेलचे किती आले तुमच्याकडे, तर म्हणाल्या तुम्ही तिसऱ्या. अख्ख्या इंदूरमध्ये आठ महिन्यांत त्यांच्या काउंटरला तिसरी! हे ऐकून मी घरी येऊन बसले आणि मराठीत आणि हिंदीत दहा-दहा ओळी लिहिल्या, मॉडेलचं नाव, सीरियल नंबर कुठे सापडतो त्याचे फोटो, बिल नसेल तर काय म्हणायचं, आणि सगळ्यात वर 'फोन उशाशी ठेवू नका'. आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं, बाबांच्या रामबागेच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. नऊ जणांनी नंबर तपासले. एक बसला.

आमच्याकडे आणि आणखी दोन घरी स्वयंपाक करते त्या ताईंचा. तिनं तो जुना घेतलेला, साडेचार हजारांना. फुगलेला नाही अजून, पण गरम होतो म्हणते, आणि तिची धाकटी त्याच्यावर अभ्यासाचे व्हिडिओ बघते, पांघरुणात घेऊन, चार्जिंगला लावून. तिच्याकडे बिल नाही, कोणाचं होतं तेही माहीत नाही. उद्या अकराला तिला घेऊन जातेय.

वकील_जुनी_इंदूर

बिल नसलं तरी अडून राहा. बॅटरी नंबर बघून बदलायची आहे, माणूस बघून नाही. जुना विकणाऱ्या दुकानदाराकडून साध्या कागदावर लिहून मिळालं तर घ्या, तारीख आणि आयएमईआय टाकून. नाहीच ऐकलं तर तिच्या नावानं वेगळा १९१५ करा, तुमच्या तक्रारीला जोडू नका. अकराला मी आयोगातच असेन, अडचण आली तर फोन करा.

जेलरोड_काउंटर

ताई, फोन जेल रोडवरून घेतला असेल तर मला आयएमईआयचे शेवटचे सहा आकडे पाठवा, इथे बहुतेक सगळे वहीत लिहून ठेवतात, मी रात्री दुकानं बंद व्हायच्या आधी विचारतो. आणि तिला सांगा आजची रात्र फोन बंद करून फरशीवर.

मीनल_रामबाग

पाठवले. तिला सांगून आले, बंद करून ओट्याखाली ताटात ठेवलाय.